एक्स-रेचं पोझिशनिंग हातात कसं बसतं?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार. मी रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पोस्टिंग सोलापुरातच चालू आहे. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

पुस्तक पाठ आहे. चेस्ट पीएला (छातीचा एक्स-रे, किरण पाठीकडून) एक्स-रे ट्यूब १८० सेंटिमीटरवर, घोट्याच्या मॉर्टिससाठी (सांध्याची फट दिसणारा व्ह्यू) पाय १५ ते २० अंश आत, पीएनएसला (नाकाभोवतीच्या सायनसना) ३७ अंश, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण पुस्तकातला पेशंट सडपातळ असतो, त्याचं काही दुखत नसतं आणि सांगितल्याबरोबर तो श्वास रोखतो. माझ्यासमोर येतात त्या आमच्याच पूर्व भागातल्या आज्या. जन्मभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या, पाठीला बाक, हनुवटी वर जातच नाही. नाहीतर यंत्रमागात बोट सापडलेला कामगार, जो हात टेबलावर टेकवूच देत नाही.

सीनियर दादा येतात, पेशंटच्या खांद्याला हात लावतात, काहीतरी बोलतात आणि फिल्म सुरेख येते. कसं केलं विचारलं की उत्तर एकच, ‘सवयीनं जमतं.’ सवय होईपर्यंत मी काय करू? अंश पाठ करण्यात अर्थ आहे का? आणि पेशंटला ती पोझिशन देताच येत नसेल तर काय सोडायचं, काय धरून ठेवायचं?

---

जुना_डार्करूमवाला

ताई, दादा खोटं बोलत नाहीत, पण सवय कशाची ते त्यांनी सांगितलं नाही. ती फिल्म वाचायची सवय असते.

तू उलटीकडून शीक. फिल्मवर काय दिसायला हवं ते आधी पाठ कर, पोझिशन त्यातून आपोआप निघते. चेस्टचंच बघ. पीए का घेतो? हृदय छातीत पुढच्या बाजूला आहे. छाती डिटेक्टरला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या प्लेटला, टेकली की ते डिटेक्टरच्या जवळ येतं आणि सावली कमी फुगते. १८० सेंटिमीटर का? त्याच कारणासाठी. खांदे पुढे का ढकलायचे? खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला जावीत म्हणून. पुस्तकात कंबरेवर उलटे हात ठेवून कोपरं पुढे काढलेला फोटो असतो. तुझ्या आजींना ते जमणार नाही. त्यांना सरळ स्टँडला मिठी मारायला सांग. पाती बाजूला गेल्याशी मतलब.

आता बाक आलेली आजी. हनुवटी वर जात नसेल तर पीएमध्ये ती फुप्फुसांच्या टोकांवर येणार, आणि टीबी शोधायचा तर नेमकी तीच जागा लागते. अशा वेळी ओढाताण करू नकोस. स्टुलावर बसव, पाठ डिटेक्टरला लाव, एपी घे, म्हणजे किरण समोरून. पण फिल्मवर ‘एपी, बसून’ असं ठळक लिही. नाहीतर हृदय फुगलेलं दिसेल आणि आजींच्या मागे नसता आजार लागेल.

फिल्म आली की मी चार जागा बघतो. दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का. नसतील तर पेशंट वळलाय. डायफ्रामच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात का. येत नसतील तर श्वास अर्धाच भरलाय. फुप्फुसांची वरची टोकं आणि खालचे दोन्ही कोपरे फिल्मच्या आत आहेत का. पाती बाजूला गेलीत का. हे रोज बघत गेलीस की पुढच्या पेशंटला हात लावायच्या आधीच त्याची फिल्म डोळ्यासमोर यायला लागते. दादांचं तेच होतं.

श्वासाचं एक सांगतो. आधी रंगीत तालीम घे. ‘भरा, रोका, सोडा’ एकदा नुसतंच करून घे आणि एक्स्पोजर दुसऱ्या श्वासावर दे. पहिला श्वास कुणीच पुरता भरत नाही. आणि बटण दाबताना नजर पेशंटच्या पाठीवर ठेव, पॅनलवर नको. पॅनल कुठे पळून जात नाही.

---

हाडांचा_डॉक्टर

डार्करूमवाले काकांशी सहमत. आमच्या बाजूचं थोडं सांगतो.

पहिलं म्हणजे गुडघा. साठीच्या पुढचा माणूस गुडघेदुखीसाठी आला तर एपी उभं राहूनच हवा. झोपवून काढला तर सांध्यातली फट चांगली दिसते, आणि चालताना हाडाला हाड लागतंय हे कळतच नाही. लॅटरलला, म्हणजे बाजूनं काढताना, गुडघा २० ते ३० अंश वाकलेला, ट्यूब ५ ते ७ अंश डोक्याकडे कललेली. ती का कलवायची? आतला कॉन्डाइल (मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा गोळा) थोडा खाली उतरलेला असतो, ट्यूब कलवली की दोन्ही एकावर एक बसतात. नाही बसले तर कुठला कुठला ते ओळखायला शीक. अॅडक्टर ट्युबर्कल, हाडावरचा छोटा उंचवटा, ज्याच्यावर दिसतो तो आतला. हे कळलं की गुडघा कुठल्या बाजूला फिरवायचा ते अंदाजपंचे करावं लागत नाही.

दुसरं कोपर, विशेषतः पोरांचं. लॅटरलला कोपर ९० अंशात, आणि खांदा, कोपर, मनगट एकाच पातळीवर. पोराला खाली स्टुलावर बसवलं आणि हात वर टेबलावर ठेवला की फिल्म हमखास तिरकी येते. खांदा टेबलाच्या उंचीला आण. हा आग्रह कशासाठी, तर हाडामागचा चरबीचा पट्टा. ९० अंशात तो दिसला तर सांध्यात रक्त आहे, फ्रॅक्चर दिसत नसलं तरी असण्याची शक्यता मोठी. कोपर सरळ ठेवून काढला तर तो पट्टा चांगल्या कोपरातही दिसू शकतो आणि आमची फसगत होते.

एपीला कोपर सरळ होत नसेल तर जबरदस्ती नको. दोन फिल्म घे. एकीत दंड प्लेटला समांतर, दुसरीत पुढचा हात समांतर. वेळ जातो, पण पोरगं रडत नाही.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की हात टेकून पडलेली मंडळी आमच्याकडे वाढतात. अंगठ्याच्या मुळाशी खळगीत दुखत असेल तर नुसता मनगटाचा एपी-लॅटरल काढून पाठवू नकोस. मनगट करंगळीच्या बाजूला वळवून स्कॅफॉइडचा (मनगटातल्या छोट्या हाडाचा) व्ह्यू घे. तरी पहिल्या दिवशी फ्रॅक्चर दिसेलच असं नाही. संशय असला तर आम्ही १०-१४ दिवसांनी परत पाठवतो. तेव्हा ‘परत कशाला’ म्हणून पेशंटला परतवू नका, मंडळी.

---

जुना_डार्करूमवाला

डॉक्टर, सगळं मान्य. पण चिठ्ठीवर ‘हाताचा एक्स-रे’ एवढंच लिहून पाठवता त्याचं काय? हात म्हणजे खांद्यापासून नखापर्यंत सगळा. पडला कसा, दुखतं कुठे, एवढं एका ओळीत लिहिलंत तर आमची अर्धी पोझिशन तिथेच ठरते.

---

हाडांचा_डॉक्टर

काका, कबूल. ओपीडीत शंभर माणसं दारात असली की असं होतं. पण तुम्ही फोन केलात तर मी तरी वैतागत नाही.

---

सिस्टर_रात्रपाळी

मी नर्स आहे, पण एक्स-रे रूममध्ये पेशंट पोचवून पोचवून बरंच शिकले. अंश-बिंश तुम्ही बघा, मी अंगावरच्या वस्तूंबद्दल बोलते.

बाईची वेणी जाड असेल आणि खांद्यावर पुढे आली असेल तर फुप्फुसाच्या टोकावर सावली पडते. वर बांधून टाक. मंगळसूत्र काढायला सांगितलं की पुष्कळ बायका कचरतात, त्यात नवरा वॉर्डात अॅडमिट असला तर विचारूच नको. हुज्जत घालायची नाही. चेस्ट असेल तर वर सरकवून दातांत धरायला सांग, मानेचा असेल तर खाली ओढून घे. ज्या भागाचा एक्स-रे त्या भागातून गेलं की झालं. ब्लाउजचे हूक, साडीच्या पिना यांचं मात्र ऐकू नकोस, गाऊन दे.

आपल्याकडे लिंगायत मंडळींच्या गळ्यात चांदीच्या पेटीत इष्टलिंग असतं. ती बरोबर छातीच्या मध्यावर येते. ‘हे काढा’ म्हणालीस तर माणूस दुखावतो. ‘तुमच्या हातात घ्या, एवढा एक मिनिट’ म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. लिंग त्याच्या अंगाला लागूनच राहतं आणि फिल्मही स्वच्छ येते. तू स्वतः हात लावू नकोस, त्यालाच करू दे.

पुरुषांचे खिसे आणि कंबर तपास. करदोटा, त्यात अडकवलेली किल्ली, तंबाखूच्या पिशवीतली चुन्याची डबी. पोटाच्या फिल्मवर डबीची सावली पडली की खड्यासाठी आलेला माणूस आणखी घाबरतो. आणि हाडवैद्याकडे जाऊन आलेला असेल तर लेप तसाच असतो. लेपाचीही सावली पडते, पण सुजलेल्या हातावरचा लेप खरवडायला जाऊ नकोस, डॉक्टरांना विचार.

आणि बाई पेशंट असली तर खोलीत दुसरी बाई हवी. तू मुलगी आहेस म्हणून तुला हे सुचणार नाही, पण तुझ्याबरोबरच्या मुलांना सांग.

---

पूर्वभाग_सोलापूर

बापरे, एवढं कुणी बसून सांगितलं नव्हतं. सिस्टर, चुन्याच्या डबीवरून आज पहिला करदोटा सापडला. 🙂

पेशंटशी बोलायच्या भाषेचं मला उलट सोपं जातं, या आज्यांसारखंच आम्ही घरी तेलुगूच बोलतो. ‘ऊपिरि तीस्कोंडि, आपंडि, कदलकंडि’ (श्वास घ्या, थांबवा, हलू नका) म्हटलं की आज्या एकदम मोकळ्या होतात. अक्कलकोटकडची कानडी माणसं आली की ‘उसिरु तोगोळ्री, हिडकोळ्री’ (श्वास घ्या, धरून ठेवा) एवढंच येतं, पण तेवढ्यावर भागतं.

आता दोन प्रश्न. एक, पेल्व्हिसच्या (कंबरेच्या हाडांच्या) एपीला पाय १५ अंश आत फिरवायचे असतात. काल घरात पडलेली आजी आली, पाय बाहेर वळलेला आणि आखूड. मी हात लावणार तोच दादांनी थांबवलं. मग फिमरची (मांडीच्या हाडाची) मान नीट कशी दिसणार? दोन, पेल्व्हिसला गोनॅड शील्ड (जननग्रंथी झाकायचं शिसं) ठेवायचं की नाही? पुस्तक ठेवायला सांगतं, दादा ठेवत नाहीत.

---

हाडांचा_डॉक्टर

आखूड आणि बाहेर वळलेला पाय म्हणजे खुब्याचं फ्रॅक्चर समजूनच चालायचं. दादांनी बरोबर थांबवलं. एपी आहे तसाच घे. लॅटरल आडव्या किरणांनी काढ. चांगला पाय वर उचलून आधारावर ठेवायचा, म्हणजे तो किरणांच्या वाटेत येत नाही. प्लेट दुखऱ्या बाजूच्या कुशीला उभी, फिमरच्या मानेला समांतर. ट्यूब दोन पायांच्या मधून. दुखरा पाय तसूभरही हलवायचा नाही. बेडकासारखे पाय फाकवून काढायचा व्ह्यू इथे चालत नाही, हे इंटर्नने लिहून दिलं तरी.

---

मिलीसीव्हर्ट

शील्डबद्दल मी लिहितो, रेडिएशन सेफ्टीचं काम बघतो.

वर्षानुवर्षं शील्ड ठेवायची पद्धत होती. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेनं, एएपीएमनं, ती सरसकट ठेवू नये असं जाहीर केलं. २०२१ मध्ये तिथल्याच एनसीआरपी या किरणोत्सर्ग-संरक्षण परिषदेनंही तेच म्हटलं. कारणं साधी आहेत. शील्ड नीट बसत नाही, हवा तो भाग झाकतं आणि फिल्म पुन्हा काढावी लागते. ऑटोमॅटिक एक्स्पोजरच्या सेन्सरवर आलं तर मशीन उलट डोस वाढवतं. शिवाय अंगाच्या आत जे किरण विखुरतात त्यांना बाहेरून ठेवलेलं शिसं थांबवत नाही. आधुनिक मशीनचा डोसही पूर्वीपेक्षा खूप कमी आहे.

तेव्हा दादा चुकत नाहीत. पण तुझ्या विभागात लेखी नियम असेल तर तो पाळ, शिकाऊ असताना स्वतःचा नियम काढू नकोस. डोस कमी करायचा असेल तर कोलिमेटर, म्हणजे किरणांची चौकट ठरवणारी झडप, बंद करत आण. जेवढा भाग हवा तेवढाच उजेड. डोसही घटतो आणि विखुरलेले किरण कमी झाल्यानं फिल्मही उठावदार येते. डिजिटलमध्ये पोरं सगळं उघडं ठेवून काढतात आणि नंतर स्क्रीनवर कापतात. फिल्म नीटनेटकी दिसते, पेशंटला मात्र सगळा डोस मिळालेला असतो.

तुझ्यासाठी: टीएलडी बॅज (आपल्याला किती डोस लागला ते मोजणारा) छातीवर, अॅप्रनच्या आत. पेशंटला तू धरायचं नाही. लहान मूल असेल तर आई किंवा बाप अॅप्रन घालून धरतील, आणि आईला दिवस गेलेत का हे आधी विचार. आपल्याकडे एईआरबीची (अणुऊर्जा नियामक परिषदेची) मर्यादा कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नीट काम करणाऱ्याचा बॅज याच्या जवळपासही जात नाही. जात असेल तर तो रोज कुणाला तरी धरतोय.

---

जुना_डार्करूमवाला

संघटनेनं सांगितलं ते ठीक. पण लहान पोराची आई शील्ड मागते तेव्हा मी ठेवतो, बघायचा भाग झाकला जात नसेल तर. आईच्या जिवाला बरं वाटतं आणि पोरगं मांडीवर शांत बसतं. पोरगं शांत तर रिपीट नाही. हिशोब तोच येतो.

---

मिलीसीव्हर्ट

काका, हिशोब तेवढ्यापुरता बरोबर आहे. सेन्सरवर ठेवू नका म्हणजे मिळवली.

---

फिल्मवाचक

रिपोर्टिंग करतो, म्हणून माझ्या टेबलावरून दोन तक्रारी.

मार्कर. उजवा-डावा शिशाचा मार्कर एक्स्पोजरच्या वेळीच प्लेटवर ठेवा. नंतर कॉम्प्युटरवर ‘आर’ चिकटवायची सवय घातक आहे. इमेज उलटी होते, घाईत चुकीच्या बाजूला अक्षर पडतं, आणि ज्यानं पेशंट पाहिला नाही त्याला कळायला मार्ग नाही. हृदय उजवीकडे असलेला माणूस क्वचित खरोखरच असतो, बाकी वेळा मार्कर चुकलेला असतो.

दुसरं, पोटाचा उभा एक्स-रे. आतडं फुटल्याचा संशय असला की आम्ही डायफ्रामखालची हवा शोधतो. स्ट्रेचरवरून उचलून उभं केलं आणि लगेच बटण दाबलं तर हवा वर चढायला वेळच मिळत नाही. पाच-दहा मिनिटं उभं किंवा बसवून ठेवा, आणि डायफ्राम फिल्मच्या आत घ्या. पुष्कळ फिल्ममध्ये तोच कापलेला असतो. उभा चेस्ट त्याहून चांगला. उभं राहता येत नसेल तर डाव्या कुशीवर वळवा, आडव्या किरणांनी घ्या. हवा यकृताच्या वरच्या कडेला दिसते. डावीच कूस, उजवी नाही. उजव्या कुशीवर जठरातली हवा वर येऊन घोळ करते.

मानेच्या लॅटरलबद्दलही बोलायचं होतं. मानेचा सातवा मणका आणि त्याच्या खालचा छातीचा पहिला, ही जोडी दिसली नाही तर फिल्म अपुरी. खांदे आड येतात. मार नसेल तर दोन्ही हातांत वजन द्या, श्वास सोडल्यावर घ्या. मार लागला असेल तर मानेला कुणी हात लावू नका, खांदे ओढू नका, डॉक्टरांना बोलवा.

---

अक्कलकोटकर

मी या क्षेत्रातला नाही, वाचत होतो. वडील जिन्यावरून पडले तेव्हा एका दवाखान्यात खांद्याचे तीन-तीन एक्स-रे काढले. आम्ही पैशासाठी काढतात म्हणून बराच गोंधळ घातला. एकात दिसत नाही का?

---

हाडांचा_डॉक्टर

कधी कधी खरंच दिसत नाही. खांदा मागच्या बाजूला निखळला असेल तर समोरून काढलेली फिल्म जवळजवळ नॉर्मल वाटते. दुसऱ्या दिशेनं काढल्याशिवाय कळत नाही, आणि राहून गेला तर माणूस महिनोन् महिने हात न फिरवता बसतो. हाडाचा एक्स-रे म्हणजे किमान दोन दिशा, हा नियमच आहे. खांद्याला तिसरी लागते तेव्हा लागते. पैशासाठी काढणारे नसतात असं म्हणत नाही, पण खांद्याचे तीन ऐकून लगेच भांडू नका.

---

अक्कलकोटकर

बरं झालं विचारलं. तिथे जाऊन माफी मागणार नाही, पण पुढच्या वेळी गप्प बसेन.

---

पूर्वभाग_सोलापूर

खांद्याचा विषय निघालाच आहे तर शेवटचं विचारते. अॅक्सिलरी व्ह्यूला (काखेच्या दिशेनं काढायच्या) हात बाजूला उचलावा लागतो. निखळलेल्या खांद्याचा माणूस तो उचलणारच नाही. स्लिंग काढायची का? मी अशा वेळी वाय व्ह्यू (खांद्याचं पातं बाजूनं दिसणारा) घेते, पण दादा म्हणाले त्यानं सगळ्यांचं समाधान होत नाही.

---

जुना_डार्करूमवाला

स्लिंग राहू दे. माणूस उभा राहू शकत असेल तर टेबलाच्या कडेला पाठ करून उभा कर, प्लेट मागे टेबलावर आडवी. आता त्याला कंबरेतून मागे रेलायला सांग, साधारण ३० अंश, खांदा प्लेटच्या बरोबर वर येईपर्यंत. ट्यूब सरळ वरून खाली. हात अंगाशीच राहतो. याला वेल्पो व्ह्यू म्हणतात. इमेज थोडी मोठी येते, कारण खांदा प्लेटपासून लांब असतो, पण गोळा खोबणीत आहे की मागे गेलाय ते कळतं. पाठीमागे एक माणूस आधाराला उभा ठेव, चक्कर येते काहींना. एक्स्पोजरच्या क्षणी तो बाजूला होईल किंवा नातेवाईकच अॅप्रन घालून थांबेल.

आधी दादांवर करून बघ, मशीन बंद ठेवून. रेलायला कितपत जड जातं ते त्यांनाही कळू दे.

---

पूर्वभाग_सोलापूर

दादांना विचारलं. म्हणाले, ‘माझी कंबर आधीच गेलीय, तू रेल, मी ट्यूब लावतो.’ उद्या दुपारी ओपीडी संपल्यावर करतोय.